कालकथित भागीबाईंचा कॉम्प्युटर

४ नोव्हेंबर २००७, रविवार

घ्या लिहून, असं मी म्हणाले. मीच! जीभ आवरत नाही, दुसरं काय.

विहारात कमिटीची मीटिंग होती. विषय एकच – सहा डिसेंबरला मुंबईला जायची गाडी. गाडीचं पाच मिनिटांत ठरलं आणि मोतीरामभाऊंकडे वेळ उरला. भाऊ म्हणजे आमचे अध्यक्ष, अकरा वर्षांपासून. वेळ उरला की ते अभ्यासिकेवर घसरतात. "एवढी मोठी खोली पोरांसाठी अडकवून ठेवलीय. पातेली, सतरंज्या, लाउडस्पीकर ठेवायला जागा नाही कॉलनीत. पोरांना घरी अभ्यास होत नाही का?"

नाही होत! चैतालीच्या घरी दोन खोल्या, सात माणसं आणि एक टीव्ही. पोरगी तलाठ्याच्या परीक्षेला बसलीय. पहाटे साडेपाचला अभ्यासिकेत येते, नऊला घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. तेवढे साडेतीन तास तिचे. हे सगळं मी मीटिंगमध्ये बोलले. जरा मोठ्यानंच बोलले. अभ्यासिका मी सांभाळते, मी नाही तर कोण बोलणार?

भाऊ शांतपणे म्हणाले, "मग तो धोंडीरामचा कॉम्प्युटर दीड महिना नुसता शोभेला ठेवलाय, तो चालवून दाखवा. पंचवीस तारखेला भागीबाईंचा पहिला स्मृतिदिन आहे. त्या दिवशी चालू झाला तर अभ्यासिका राहील. नाही झाला तर कोठार."

मी म्हणाले, "घ्या ठराव लिहून!"

सचिवांनी लगेच घेतला. एरवी त्यांच्या पेनात शाई नसते.

मला कॉम्प्युटरमधलं काय येतं? टायपिंग. तेही ऑफिसात, दुसऱ्यानं चालू करून दिलेल्या कॉम्प्युटरवर.

५ नोव्हेंबर

सकाळी अभ्यासिकेत जाऊन बटण दाबलं. घरघर झाली, गिरणी सुरू होताना होते तशी. मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ – सिस्टिम सापडत नाही. मग काहीच नाही. चैताली म्हणाली, "ताई, निदान लाइट तरी लागला." गुणाची पोरगी आहे.

हा कॉम्प्युटर धोंडीरामकाकांनी देवळाली कॅम्पातल्या एका बंद पडलेल्या क्लासमधून आणला. काका रेल्वेत सुतार होते, बाबांचे जुने दोस्त. भागीकाकू गेल्या वर्षी गेल्या आणि काकांना त्यांच्या नावानं काहीतरी द्यायचं होतं. पंखे देऊन झालेले. पाण्याचं पिंप देऊन झालेलं. मग हा.

आणि भेट म्हटली की नाव आलंच. आमच्या विहारात पंख्याच्या तीन पात्यांवर तीन दात्यांची नावं आहेत, पंखा सुरू केला की एकाचंही वाचता येत नाही. काकांनी लहानू पेंटरला बोलावून काहीही शिल्लक ठेवलेलं नाही. मॉनिटरच्या पाठीवर पांढरा हात मारून त्यावर निळ्या ऑइलपेंटनं – "कालकथित भागीबाई धोंडीराम गांगुर्डे यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट". खालच्या डब्यावर तेच. कीबोर्डच्या पोटावर तेच. माउसवर जागा पुरली नाही, तिथे नुसतं "का. भा. धों. गां."

६ नोव्हेंबर

ऑफिसात भारत सरांना गाठलं. पंचवटीतल्या आमच्या बियाण्यांच्या ऑफिसात सगळे कॉम्प्युटर तेच बघतात. माणूस चांगला, पण शब्द मोजून वापरतो.

"रॅम किती?"

मला काय माहीत! त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं – चालू करताना पडद्यावर कोणता आकडा मोजला जातो तो बघा.

७ नोव्हेंबर

बत्तीस.

भारत सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बत्तीस एमबी? मॅडम, याच्यावर आत्ताचं विंडोज टाकायचं म्हणजे लुनाला वाळूची ट्रॉली बांधायची."

माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. ड्रॉवरमधून एक सीडी काढून दिली. "हे लिनक्स आहे. सगळं मिळून पन्नास एमबी. फुकट. गरिबाघरी नांदेल." आणि दोन पानं भरून सूचना लिहून दिल्या, मुंगीएवढ्या अक्षरात. सूचना एक – सीडी ड्राइव्ह उघडून सीडी घाला.

इतकं सोपं! उगाच घाबरले होते.

८ नोव्हेंबर

सीडी ड्राइव्ह उघडत नाही.

कारण त्याच्या तोंडावरून नाव गेलंय. "थित भागीबाई धों" एवढा भाग बरोबर त्या दारावर आहे. लहानूनं फटीत रंग असा भरलाय की खिडकीच्या काचेला पुट्टी भरावी. बटण दाबलं की आतून गुरगुर येते, दार जागचं हलत नाही. सतरा दिवस उरले आणि मी दोन पानांतल्या पहिल्या ओळीवर!

९ नोव्हेंबर

ऑफिसला दिवाळीची सुट्टी. लहानूकडे जाऊन आले. भांडायलाच गेले होते.

"ताई, मला काय म्हाईत ते दार हाय म्हून? मला वाटलं नुसती पट्टी हाय. आन् नाव मधोमध आलं पायजे का नाय? तुमीच सांगा."

मधोमध आलंय खरं. अगदी सुतात.

संध्याकाळी काकांना म्हटलं, जरा ब्लेड फिरवू का फटीतून? काका उभेच राहिले. "मंजे, नावाला बिलेड लागता कामा नये. सांगून ठेवतो." मग स्वतःच घरी जाऊन पटाशी घेऊन आले. "सरक. चाळीस वर्सं सुतारकी केलीय, केसाएवढी फट काढीन." खाली बसले. पटाशी अक्षरापर्यंत नेली. हात थांबला.

"नाय जमायचं मला," म्हणाले आणि पटाशी फडक्यात गुंडाळून निघून गेले.

मला फार वाईट वाटलं. माणूस गेलं की उरतं काय, तर नाव – आणि मी त्यावर ब्लेड घेऊन निघालेय. पण चैतालीचं काय करू?

१० नोव्हेंबर

काही नाही. आई म्हणाली, "एवढ्या दिवसांत एखादं स्थळ बघून झालं असतं."

११ नोव्हेंबर, रविवार

उघडलं!!

भारत सरांना सुट्टीत फोन केला. चिडले नाहीत. म्हणाले, ड्राइव्हच्या तोंडावर सुईएवढं भोक असतं, त्यात यू-पिन सरळ करून दाबा, दार बाहेर येतं. भोक शोधायला अर्धा तास. ते 'भा'च्या कान्यात लपलं होतं, रंगानं बुजलेलं. टोचलं, दाबलं – टच्च! फटीतला रंग बरोबर फटीतच तुटला. एका अक्षराचा टवका नाही.

काकांना बोलावून दाखवलं. बटण दाबलं की "थित भागीबाई धों" बाहेर येतं, पुन्हा दाबलं की आत जाऊन ओळीत बसतं. काका बघत राहिले. मग म्हणाले, "आजून येकदा कर."

केलं. मग त्यांनी स्वतः केलं. मग शेजाऱ्यांना बोलावून आणलं. दुपारपर्यंत निम्मी कॉलनी बघून गेली. प्रत्येकाला काका सांगत होते, "पाहिलं? जाती आन् परत येती." सीडी घालायला मला चार वाजता सवड मिळाली. सहाला लोडशेडिंग. म्हणजे आज फक्त सीडी घालून झाली.

१३ नोव्हेंबर

यापुढे सगळं सकाळीच. संध्याकाळी सहा ते साडेआठ वीज नसते आणि त्यानंतर आई मला घराबाहेर पडू देत नाही. म्हणून साडेपाच ते आठ – एका कोपऱ्यात चैताली तिचे कायदे पाठ करते, दुसऱ्या कोपऱ्यात मी भारत सरांचं मुंगीलिखाण.

आज सूचना दोन ते पाच झाल्या. चालू होताना डिलीट दाबत राहायचं, निळा पडदा येतो, तिथे 'आधी सीडी वाच' असं सांगायचं. सांगितलं. ऐकलं त्यानं! भराभर इंग्रजी ओळी पळाल्या आणि वर डाव्या कोपऱ्यात एक गोल पोटाचा पक्षी बसलेला दिसला.

नेमके मोतीरामभाऊ फिरायला निघाले होते ते आत डोकावले. "हे बदक कशाला?"

"पेंग्विन आहे भाऊ. याची खूण आहे ती."

"कुठल्या पार्टीची? महापालिकेला कुणाचं होतं हे चिन्ह? विहारात कुठल्या पार्टीचं काही चालणार नाही, आधीच सांगतो."

पाच मिनिटं समजावलं. जाताना म्हणाले, "बदक झाकून ठेवा." कशानं झाकू?

१५ नोव्हेंबर

सीडीवरून चालतंय, पण सीडी काढली की परत ठणठणाट. ते आत कायमचं बसवायचं तर हार्ड डिस्कचे आधी तुकडे पाडायचे – एक छोटा, एक मोठा. छोटा कशाला? भारत सर म्हणाले, रॅम कमी आहे ना, मग त्याला पसारा ठेवायला एक कोनाडा लागतो. हे कळलं. आमच्या घरी तसा पलंगाखाली आहे.

तुकडे पाडताना पडद्यावर प्रश्न – आधीचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? 'हो' असं अख्खं लिहा. नुसता वाय चालत नाही. बोट थांबलं. चैताली मागून म्हणाली, "ताई, लिहा. मीटिंगमध्ये कशा म्हणालात."

लिहिलं.

१६ नोव्हेंबर

फाइली आत चालल्या होत्या. सत्तर टक्क्यांवर फ्यूज गेला. पहिल्यापासून.

१७ नोव्हेंबर

नव्वद टक्क्यांवर गेलं आणि जळका वास यायला लागला! धावत प्लग उपसला. तिसऱ्यांदा पहिल्यापासून!! मी रडले. अगदी खरोखर, नाक लाल होईपर्यंत. आठ दिवस उरले, आणि मला काडीचं येत नसताना मी एका पोरीची बसायची जागा पणाला लावलीय. भाऊंची पातेली मला डोळ्यांसमोर दिसतात, रचून ठेवलेली, चैतालीच्या जागेवर.

दुपारी भारत सरांना वासाचं सांगितलं. "मॉनिटरच्या मागची भोकं बघा. धूळ असेल."

धूळ नाही. भोकंच नाहीत! लहानूनं पाठीवर जो पांढरा हात मारला तो सगळ्या भोकांवरून. वर नावाला छान सपाट जागा झाली.

१८ नोव्हेंबर, रविवार

दाभण घेऊन भोकं मोकळी केली. मी, चैताली आणि धोंडीरामकाका. एकेक भोक. काका चष्मा लावून नावाच्या अक्षरांमधली स्वतः करत होते, आम्हाला हात लावू दिला नाही. काम करता करता बोलत होते – पहिल्यांदाच काकूंबद्दल एवढं बोलले. आमची अभ्यासिका सुरू झाली तेव्हा काकू मुलांना सकाळी चहा आणून द्यायच्या म्हणे, किटली घेऊन. "तिला म्हनलं, आपल्या घरात साखर नाय आन् तू गावाला चहा पाजती. तर म्हनाली, गूळ हाय ना."

लहानूही येऊन गेला. लांबून पाहून म्हणाला, "फिनिशिंग घालवलं राव तुमी."

१९ नोव्हेंबर

झालं. शंभर टक्के. सीडी काढून ठेवली, बंद केलं, चालू केलं – आला! बदकासकट आला. चैतालीनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी अभ्यासिकेत नाचलो. शांतता राखा या पाटीखाली.

लिहायची सोय आहे त्यात, हिशेबाची आहे, चित्र काढायची आहे. सगळं झटपट. एवढासा जीव, काय धावतो!

२० नोव्हेंबर

काकांना दाखवायला बोलावलं. बघून झाल्यावर म्हणाले, "आन् तिचं नाव?"

"नाव बाहेर आहे ना काका, चार ठिकाणी."

"आत कुठं हाय?"

आत मराठी नाही. पन्नास एमबीत मराठी बसवलेलीच नाही त्यांनी. इंग्रजीत टाइप करून दाखवलं. काकांनी मान हलवली. "ही कोन बाई? ही आपली वाटत नाय."

२१ नोव्हेंबर

नावाऐवजी फोटो! मलाच सुचलं. काकूंचा रेशनकार्डाच्या वेळचा फोटो ऑफिसात स्कॅन केला, फ्लॉपीवर घेतला आणि पडदाभर कायम दिसेल असा लावला. आल्या पडद्यावर काकू. फक्त हिरव्या.

चैताली म्हणाली, "कैरीसारख्या."

काका म्हणाले, "लय रागावली तरी आशी हिरवी झाली नव्हती कधी."

२३ नोव्हेंबर

भारत सरांनी सांगितलं, रंगांची संख्या वाढवा. कुठल्याशा फाइलीत एका जागी आठ होतं, तिथे सोळा केलं. काकू गव्हाळ झाल्या. नाकातली मोरणीसुद्धा दिसते. काका खुर्ची ओढून समोर बसले आणि नऊ वाजेपर्यंत बसून राहिले. चैताली तिच्या कोपऱ्यात, काका काकूंसमोर. मी हळूच निघाले, बस चुकलीच होती.

२५ नोव्हेंबर, रविवार



सकाळी दहाला वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. शंभरएक माणसं. अभ्यासिकेत मावेनात म्हणून खिडकीतून बघत होती. मी बटण दाबलं. घरघर, ओळी, बदक – आणि काकू! बायका हात जोडून उभ्या राहिल्या. टाळ्या. मी सुटले असं मला वाटलं.

मग मोतीरामभाऊंचं भाषण. दहा मिनिटं कॉलनीचा इतिहास. नेमकं "या चालू झालेल्या कॉम्प्युटरकडे पाहून" असं म्हणायला आणि पडदा काळा व्हायला एकच गाठ पडली. काकू गायब. मागून कोणीतरी म्हणालं, "गेला वाटतं." भाऊ माझ्याकडे वळले. दुःखी चेहरा केला होता, पण डोळ्यांत पातेली होती.

मग दुसऱ्या पानाच्या अगदी तळाची ओळ आठवली – दहा मिनिटं हात लावला नाही तर पडदा झोपतो, घाबरू नका. मी जाऊन माउस जरासा हलवला.

काकू परत आल्या.

काय टाळ्या! काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एक आजी म्हणाल्या, "भागी पयल्यापास्नं आशीच. भाषनात डुलकी काढायची."

२६ नोव्हेंबर

ठराव झाला. अभ्यासिका अभ्यासिकाच राहणार. एकमतानं! भाऊंनीसुद्धा हात वर केला. सचिवांनी लिहून घेतलं. चैतालीनं पेढे आणले, मी चार खाल्ले. आईनं बघूनही काही म्हटलं नाही.

२७ नोव्हेंबर

अभ्यासिकेला कुलूप!

सकाळी गेले तर चैताली पायरीवर बसून वाचत होती, शाल पांघरून. दाराला नवीन कोयंडा, नवीन कुलूप, हे एवढं. भाऊंच्या घरी धडकले. ते दात घासत होते. "अहो, काल ठराव झाल्यावर आमचं बोलणं झालं. एवढी मोलाची वस्तू आत आहे. पोरं काय, चहा सांडतील, बटणं उपटतील. वस्तू जपली पाहिजे. रविवारी दहा ते अकरा उघडू, कमिटीसमोर. चावी माझ्याकडे."

"आणि मुलांनी बसायचं कुठे?"

"अभ्यासिका आहेच की! फक्त बंद ठेवायची."

मी एक शब्द बोलू शकले नाही. मी! तो डबा मेलेला होता तेव्हा दार उघडं होतं. मी तो जिवंत केला आणि दार बंद झालं. तेवीस दिवस मरमर करून मी स्वतःच्या हातानं कुलूप बसवलंय. चैताली "असू द्या ताई, पायरीवर ऊन येतं" म्हणाली, त्याचा जास्त राग आला.

काकांच्या घरी जाऊन सांगितलं. ऐकून घेतलं.

२८ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही.

२९ नोव्हेंबर

अभ्यासिकेला दार नाही.

कुलूप तोडलेलं नाही, कोयंडा उचकटलेला नाही. काकांनी पहाटे अंधारातच बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, कुलपानं जोडलेल्या दोन्ही फळ्यांसकट अख्खं दार चौकटीतून उतरवलं, हातगाडीवर घातलं आणि मोतीरामभाऊंच्या अंगणात भिंतीला टेकवून आले. भाऊंना म्हणाले, "तुमचं कुलूप. तपासून घ्या, लावलेलंच हाय."

मी पोचले तेव्हा काका रिकाम्या चौकटीवरून हात फिरवत होते, कुठे कूस राहिलंय का बघत. म्हणाले, "तिच्या नावाची वस्तू आत आन् पोर भाईर? भागीनं दारातनं कुनाला माघारी धाडलं नाय कधी."

चैताली आत होती. साडेपाचपासून.